पायाच्या जुनाट जखमेवर दाबाची पट्टी : काही महिन्यांच्या वापरानंतर

फोंड्याच्या मराठी प्राथमिक शाळेत नोकरीभर फळ्यापुढे उभी राहिले. निवृत्तीनंतर डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला जखम झाली, ती वर्ष उलटलं तरी भरेना. सतत लस वाहायची, भोवतालची कातडी तपकिरी आणि टणक. जवळच्या दवाखान्यात दर वेळी अँटिबायोटिक आणि नवीन ट्यूब मिळायची. शेवटी मुलाने पणजीला एका सर्जनकडे नेलं.

तिथे आधी पायाची रक्ताभिसरणाची तपासणी झाली. आडवं झोपवून सिस्टरने दंडाचं बीपी घेतलं, मग घोट्याला पट्टा बांधला. पावलावर जेल लावून पेनाएवढं डॉप्लर टेकवलं की नाडीचा सूं-सूं आवाज येतो. पट्टा फुगवला की तो थांबतो, हवा सोडताना ज्या आकड्याला परत येतो तो घोट्याचा दाब. त्याला दंडाच्या दाबाने भागायचं. उत्तर ०.८ ते १.३ असेल तर सहसा पूर्ण दाबाची पट्टी चालते. कमी आलं तर पायाला रक्तच अपुरं पोचतंय, आणि अशा पायावर घट्ट बांधलं तर पाय गमवायची पाळी येऊ शकते. मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन आकडा फसवा, वाजवीपेक्षा जास्त येतो; तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात. माझं ०.९८ आलं. ही तपासणी झाल्याशिवाय कुणाकडूनही दाबाची पट्टी बांधून घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते.

माझ्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या होत्या. वर जायचं रक्त खाली साचतं आणि त्या दाबाने कातडी फुटते, मग नुसतं मलम काय करणार? पट्टी घोट्याशी साधारण ४० मिमी पाऱ्याइतका दाब देते, वर गुडघ्याकडे तो उतरत जातो. म्हणून बांधून बसून राहायचं नाही, चालायचं. पोटरी हलली की रक्त वर ढकललं जातं.

बांधणं हे कसबाचं काम. पाऊल काटकोनात धरून आधी कापसाचा मऊ थर, मग बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत ताणाची पट्टी, प्रत्येक वेढा आधीच्या अर्ध्यावर. माझ्या पट्टीवर लंबगोल छापलेले होते. ताण बरोबर बसला की त्यांचे गोल होतात. सिस्टर बांधता बांधता तेच बघायची.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. रात्री ठणका, आणि लस भरपूर म्हणून आठवड्यातून दोनदा पट्टी बदलावी लागे. त्यात आपला पावसाळा! काही वाळायचं नाव नाही. आंघोळीला पाय प्लास्टिकच्या पिशवीत. पण सूज उतरली तशी लस आटली आणि ठणकाही गेला. जखमेच्या कडा पारदर्शक कागदावर आखून ठेवत होते, त्यामुळे आकार घटतोय हे डोळ्यांना दिसायचं. महिना-दीड महिन्यात काहीच फरक नसेल तर रोगाचं निदानच पुन्हा तपासायला हवं. वर्षानुवर्षांच्या जखमेत क्वचित कर्करोगही निघतो, म्हणून तुकडा काढून तपासतात.

अँटिबायोटिक मला नंतर लागलंच नाही. लाली पसरणं, ताप, वाढतं दुखणं असेल तरच ते द्यायचं असतं. सुगंधी क्रीम आणि निओमायसिनची मलमंही बंद केली, कारण अशा पायाला त्यांची अॅलर्जी पटकन होते.

सर्जननी शिरेवरचा उपायही लवकर उरकला. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्यात ज्यांच्या शिरेवर लवकर उपचार झाले त्यांच्यातल्या निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, उशिरा झालेल्यांत त्याला ८२ दिवस लागले.

चवथीआधी जखम बंद झाली. आता दाबाचे मोजे. सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच घालते, कारण उभं राहिलं की सूज चढते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून ओढले की सहज चढतात आणि नखं लागत नाहीत. क्रीम रात्री, मोजे काढल्यावर. माप मात्र सकाळीच घ्यायला लावा. मला एका दुकानदाराने संध्याकाळच्या सुजलेल्या पायावर माप घेऊन दिले ते सैल निघाले, दुसरे घ्यावे लागले. दोन जोड ठेवा, आणि सहा महिन्यांनी बदला, तोवर ताण सैलावलेला असतो.