नव्या फर्नेसचा पहिला हिवाळा, आणि जुन्याची बिलं

घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी, म्हणजे नवा फर्नेस, गेल्या सप्टेंबरात बसवला. आता मार्च उलटत आलाय, म्हणजे मिशिगनचा एक अख्खा हिवाळा त्याने काढला. ब्रँड मुद्दाम सांगत नाही. दार उघडून आत बघितलं तर सगळ्यांची रचना जवळपास सारखीच असते, फरक पडतो तो बसवणाऱ्याच्या हाताने. आणि नव्याबद्दल काही बोलायचं तर आधी जुन्याची बिलं काढावी लागतील. ती फाइल अजून ठेवलीय.

आमचं घर डेट्रॉइटच्या पश्चिमेला, नोवायजवळ. बांधकाम २००३ चं, बेसमेंटमधला फर्नेसही तेव्हाचाच. या घरातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यातलं दुरुस्तीचं पहिलं बिल १२९ डॉलर, आणि बिघाडाचं कारण: आमचे बाबा. ते आणि आई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. एका सकाळी उठलो तर घरात ५८ फॅरनहाइट, म्हणजे साधारण १४ सेल्सियस. थर्मोस्टॅटवर (घराचं तापमान ठरवायच्या यंत्रावर) आकडे दिसत होते, पण खाली चिडीचूप. टेक्निशियन आला, बेसमेंटच्या जिन्यावरचं एक बटण त्याने वर केलं, आणि फर्नेस घुमायला लागला. दिव्याच्या बटणाशेजारी अगदी तसंच दिसणारं दुसरं बटण फर्नेसचं असतं, हे मला माहीत नव्हतं. बाबांचा जन्म एमएसईबीत गेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "ज्या बटणाने काही लागत नाही, ते बंद असलेलं बरं." आता त्यावर पट्टी चिकटवलीय: हा दिवा नाही.

दुसरं बिल १८९ डॉलरचं. हे मात्र नीट सांगतो, कारण या एका बिघाडाने थंडीत अनेकांना गाठलेलं मी ऐकलंय. थर्मोस्टॅटने उष्णता मागितली की आधी इंड्यूसर नावाचा छोटा पंखा फिरतो, तो धूर बाहेर ओढतो. ओढ पुरेशी आहे असं प्रेशर स्विचला पटलं की इग्नायटर तापून लालभडक होतो. मग 'टक्' आवाज करून गॅस सुटतो आणि निळी ज्योत एका बर्नरवरून पुढच्यावर धावत जाते. थोड्या वेळाने मोठा ब्लोअर सुरू होऊन गरम हवा डक्टमध्ये, म्हणजे खोल्यांपर्यंत हवा नेणाऱ्या नळांत जाते. आमच्याकडे ज्योत यायची, तीन-चार सेकंद टिकायची, आणि विझायची. असं काही वेळा झालं की फर्नेस स्वतःला कुलूप लावून बसायचा.

दोष होता फ्लेम सेन्सरचा. स्वेटर विणायच्या सुईएवढी धातूची काडी, ज्योतीत टोक घालून उभी. ज्योतीतून मायक्रोअँपिअरमध्ये मोजावा लागेल इतका बारीक प्रवाह जातो, त्यावरून फर्नेस चालवणाऱ्या कंट्रोल बोर्डाला कळतं की आग खरंच लागलीय. काडीवर पांढुरकी पुटं चढली की प्रवाह तुटतो, आणि नीट जळत असलेला गॅसही बोर्ड बंद करतो. टेक्निशियनने एक स्क्रू काढला, खिशातल्या स्टील वूलने काडी घासली, परत लावली. बारा मिनिटं. मी घड्याळ बघत होतो आणि आई वरून विचारत होती, "त्याच्यासाठी चहा टाकू का रे?"

तेव्हापासून दर ऑक्टोबरात ती काडी मीच घासतो, अर्थात 'हा दिवा नाही' बटण आधी बंद करून. फिल्टर, थर्मोस्टॅटच्या बॅटऱ्या, आणि फर्नेसचं दार नीट बसलंय का (आत एक सेफ्टी स्विच असतो, दार जरा तिरकं राहिलं तरी तो चालू होऊ देत नाही), एवढं घरच्या घरी. गॅसच्या पाइपला आणि व्हॉल्व्हला हात लावत नाही. गॅसचा वास आला तर बटणांशी न खेळता सगळ्यांना बाहेर काढायचं आणि फोन बाहेरून करायचा, हे घरात प्रत्येकाला पाठ आहे.

पैसे नक्की कशाचे जातात ते इग्नायटरच्या बिलावर कळलं. ऑनलाइन चाळीसेक डॉलरला मिळणारा तुकडा, बिल २६५. उरलेले पैसे माणूस गाडी घेऊन दारात येण्याचे, निदानाचे, आणि त्याने सोबत आणलेल्या भागावरच्या नफ्याचे. रविवारी किंवा रात्री बोलावलं तर दीडपट-दुप्पट. माझ्या भागात मला मिळालेले आकडे असे: इंड्यूसर बदलायला ७४०, कंट्रोल बोर्डला पाचशेच्या पुढे, नव्या पद्धतीच्या ब्लोअर मोटरला हजाराच्या वर. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की निदानाची फी दुरुस्तीच्या बिलात वळती होते का. काहींकडे होते, काहींकडे नाही.

एक चूक मात्र मी पैसे देऊन केली. मुलाला ॲलर्जी, म्हणून एक इंची जागेत मर्व्ह १३ चा, म्हणजे फार बारीक धूळही अडवणारा दाट फिल्टर कोंबला. हवा घुसमटली, आतलं तापमान वाढलं, लिमिट स्विच सारखा फर्नेस बंद करायला लागला. दोष फर्नेसचा समजून आणखी एक सर्व्हिस कॉल!

दुसऱ्या हिवाळ्यात एकाने तपासणी करताना सांगितलं, हीट एक्स्चेंजरला (धूर आत ठेवून त्याची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा आहे, आजच्या आज नवा फर्नेस घ्या, ७,८०० डॉलर. तडा ही खरोखर धोक्याची गोष्ट. त्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो, आणि त्याला ना रंग ना वास. म्हणून त्या रात्री फर्नेस बंद ठेवला, चौघे एका खोलीत इलेक्ट्रिक हीटर लावून झोपलो. मी त्याला तडा दाखव म्हटलं होतं, तर फोटो कुठल्या तरी दुसऱ्याच फर्नेसचा निघाला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने कॅमेरा आत घालून दाखवलं: गंज आहे, तडा नाही. प्रत्येक मजल्यावर डिटेक्टर मात्र त्याच आठवड्यात लावले.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत इंड्यूसर पिठाच्या गिरणीसारखा खडखडायला लागला. एकवीस-बावीस वर्षांच्या यंत्रात ७४० घालायचं जिवावर आलं. कसाबसा वसंत गाठला आणि उन्हाळ्यात, कुणालाच घाई नसताना, तीन कोटेशनं घेतली. ५,४०० ते ८,९००. एवढा फरक बघून आधी रागच आला, मग कारण सापडलं. जुना ८० टक्के कार्यक्षमतेचा फर्नेस आणि वॉटर हीटर एकाच चिमणीत धूर सोडायचे. नवा ९६ टक्केवाला प्लास्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडतो. मग एकट्या वॉटर हीटरला ती चिमणी फार मोठी पडते आणि आत लायनर, म्हणजे अरुंद नळी, घालावा लागतो. स्वस्त कोटेशनमध्ये लायनरचा उल्लेखच नव्हता! मधला घेतला, ६,३५०, परमिटसकट. त्याने घराची मापं घेऊन हिशेब केला आणि एक लाख बीटीयूच्या (हे उष्णतेचं माप) जागी साठ हजारांचा बसवला. मोठा फर्नेस म्हणजे जास्त ऊब असं मलाही वाटायचं. प्रत्यक्षात मोठा भसकन तापतो, बंद होतो, पुन्हा पेटतो, आणि खोल्या नीट गरम होतच नाहीत.

आता नव्याचं. आवाज कमी, हवा हळू आणि जास्त वेळ येते, पहाटे गारठा नाही. ऐंशीचा शहाण्णव झाला की तेवढ्याच उबेला गॅस साधारण सहावा हिस्सा कमी लागायला हवा. जानेवारीचं बिल २१४ वरून १८२ वर आलं. हवामान दरवर्षी वेगळं, त्यामुळे छातीठोक बोलत नाही, पण दिशा बरोबर आहे. नुसत्या गॅसच्या बचतीत सहा हजार वसूल व्हायचे नाहीत, हे मात्र धरून चाला.

तक्रारीही आहेत. हा धुरातली वाफ थंड करून तीही उष्णता घेतो, त्यामुळे सतत पाणी निघतं, आणि ते वाहून नेणारी नळी स्वच्छ ठेवावी लागते. जानेवारीच्या वादळात तो पहाटे बंद पडला. दाराच्या काचेतून बोर्डावरचा लाल दिवा दिसत होता: तीनदा लुकलुक, थांबा, पुन्हा तीनदा. दारावरच्या तक्त्यात तीन म्हणजे प्रेशर स्विच. बाहेर जाऊन पाहिलं तर वाऱ्याने भिंतीशी बर्फाचा ढीग लावून हवा घेणारा पाइप गाडून टाकला होता. फावड्याने मोकळा केला, आत येऊन बटण खाली-वर केलं, सुरू. खर्च शून्य, फक्त बोटं बधिर. पाइप एक फूट वर घ्यायला हवा होता, हे बसवणाऱ्याने कबूल केलंय, उन्हाळ्यात येतो म्हणालाय.

शेजारचे आजोबा २०१९ ची आठवण सांगतात. ३० जानेवारीला मॅकोम काउंटीतल्या गॅस कंप्रेसर स्टेशनला आग लागली आणि ऐन कडाक्यात लोकांच्या फोनवर सूचना आली: थर्मोस्टॅट ६५ वर आणा. बाबांना हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर त्यांना वेगळंच खटकलं. "गॅसवर चालतो म्हणतोस, आणि लाइट गेली की बंद?" हो, बंद. ब्लोअर आणि बोर्ड विजेवर. छोटा जनरेटर घ्यावा का, यावर घरात अजून एकमत नाही.

वरची मागची बेडरूम अजूनही तीन डिग्री गार असते. ते डक्टचं दुखणं, फर्नेस बदलून गेलं नाही. मजुरीची वॉरंटी सप्टेंबरात संपतेय आणि महिना २२ डॉलरच्या मेंटेनन्स प्लॅनसाठी दर पंधरवड्याला फोन येतोय. भागांवरची दहा वर्षांची वॉरंटी मी स्वतः ऑनलाइन नोंदवली. बसवणारा 'केली' म्हणाला होता, पण केलेली नव्हती.