लॉस एंजलिसमधील डोनट : कोणत्या दुकानात आणि किती वाजता

डोनट हा तळलेला पदार्थ आहे आणि तळलेल्या पदार्थाचे वय तासांत मोजावे लागते. वडापावच्या गाडीवर आपण घाणा आत्ता उतरला का, असे विचारतो. लॉस एंजलिसमध्येही कोणत्या दुकानात जायचे याइतकेच किती वाजता जायचे हे महत्त्वाचे आहे, असे येथील अनेक वर्षांच्या वास्तव्यानंतर माझे ठाम मत झाले आहे. एका नामांकित दुकानात दुपारी चार वाजता रांग लावून घेतलेला डोनट मला चिवट आणि कोरडा लागला होता, आणि त्याच दुकानातला सकाळी सहाचा डोनट ओठांनी तुटेल इतका हलका होता.

यामागचे कारण पिठात आहे. यीस्टने फुगवलेला डोनट तेलावर तरंगत एकेका बाजूने तळला जातो, त्यामुळे नीट फुगलेल्या डोनटच्या कमरेला फिकट रंगाचा पट्टा राहतो. हा पट्टा दिसला की पीठ चांगले फुगले होते असे समजावे. मात्र हा प्रकार काही तासांतच उतरू लागतो. बेकिंग पावडर घालून केलेला, केकसारखा घट्ट डोनट त्या मानाने दिवसभर टिकतो. म्हणून सकाळी यीस्टचा आणि दुपारनंतर केकचा डोनट मागावा.

या शहराचा खरा डोनट प्रसिद्ध दुकानांपेक्षा गल्लीच्या टोकाच्या, लाँड्री आणि मोबाइल दुरुस्तीच्या शेजारी असलेल्या छोट्या दुकानांत मिळतो, आणि त्यांपैकी बहुसंख्य दुकाने कंबोडियन कुटुंबांची आहेत. एप्रिल १९७५ मध्ये कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांच्या हाती पडली आणि त्याच वर्षी टेड नॉय नावाचे गृहस्थ निर्वासित म्हणून कॅलिफोर्नियातील कॅम्प पेंडलटन या लष्करी तळावर पोहोचले. विंचेल्स या साखळीत त्यांनी डोनटचे काम शिकून घेतले, मग शेजारच्या ऑरेंज काउंटीत स्वतःचे दुकान घेतले, आणि पुढे एकेक दुकान उभे करून ते आपल्या देशातून आलेल्या कुटुंबांना चालवायला दिले. भांडवल थोडे, इंग्रजी जुजबी आणि हाताशी घरचीच माणसे, अशा स्थितीत हा धंदा त्यांना जमण्यासारखा होता. नवऱ्याने मध्यरात्री पीठ मळायचे, बायकोने पहाटे गल्ला सांभाळायचा आणि मुलांनी शाळा सुटल्यावर काउंटरमागे बसून अभ्यास करायचा. डझनभर डोनट भरून देण्याचा गुलाबी पुठ्ठ्याचा खोकाही याच दुकानांनी रूढ केला, कारण तो पांढऱ्या खोक्यापेक्षा स्वस्त पडत असे. आज तोच खोका या शहराच्या डोनटची खूण झाला आहे. अशा दुकानात पहाटे पाच ते सात या वेळात जावे आणि ग्लेझ म्हणजे साखरेचा पातळ लेप लावलेला साधा डोनट मागावा. सजावटीच्या आड लपायला जागा नसल्याने दुकानाची परीक्षा याच डोनटवर होते.

प्रसिद्ध दुकानांपैकी इंगलवूडचे रँडीज डोनट्स मी आवर्जून सुचवतो. छतावरचा सुमारे ३२ फूट व्यासाचा डोनट १९५३ चा, म्हणजे हे दुकान बिग डो-नट ड्राइव्ह-इन साखळीचा भाग होते त्या काळचा आहे. लोक छायाचित्र काढून निघून जातात, पण दुकान चोवीस तास उघडे असते आणि विमानतळ जवळ आहे. रात्रीच्या विमानाने उतरणाऱ्याला भल्या पहाटे येथे ताजा डोनट मिळू शकतो.

केकच्या प्रकारासाठी दोन जुनी ठिकाणे आहेत. थर्ड आणि फेअरफॅक्सच्या कोपऱ्यावर १९३४ पासून भरणाऱ्या फार्मर्स मार्केटमधील बॉब्ज हे एक, आणि सॉटेल रस्त्यावरील १९५६ चे प्रायमोज हे दुसरे. प्रायमोजचा ताकातला लांबट डोनट, म्हणजे बटरमिल्क बार, चुकवू नये. ‘ओल्ड फॅशन्ड’ हा प्रकार मराठी माणसाला लगेच ओळखीचा वाटेल. बालुशाहीप्रमाणे तो कमी आचेवर तळतात, तशाच भेगा त्याला पडतात आणि त्या भेगांत साखर बसते. फरक इतकाच की बालुशाही पाकात बुडवतात, तर येथे पिठीसाखरेचा पातळ ग्लेझ वरून लावतात.

अंडे न खाणाऱ्यांनी मात्र सावध राहावे. डोनटच्या पिठात बहुधा अंडे असते आणि ते पाहून कळत नाही, त्यामुळे काउंटरवर स्पष्ट विचारावे. २०१३ मध्ये हायलंड पार्कमध्ये सुरू झालेल्या डोनट फ्रेंडचे डोनट पूर्णपणे व्हीगन आहेत. माझ्याकडे येणारे शाकाहारी नातेवाईक तेथे निर्धास्तपणे खातात, आणि अंडे-दूध नसल्याची उणीव त्यांच्या यीस्टच्या डोनटमध्ये मला तरी जाणवली नाही.

एकाच ठिकाणी जाण्याइतका वेळ असेल, तर मात्र मी शहर सोडून पूर्वेला सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या ग्लेंडोराला, रूट ६६ या जुन्या महामार्गावरील ‘डोनट मॅन’ या दुकानाला जायला सांगेन. जपानी वंशाच्या जिम नाकानो यांनी हे दुकान १९७२ मध्ये पत्नीसह सुरू केले. येथे यीस्टचा मोठा डोनट शिंपल्यासारखा उघडून त्यात पातळ गोड लेप दिलेल्या ताज्या, अख्ख्या स्ट्रॉबेरी गच्च भरतात, आणि उन्हाळ्यात त्यांची जागा पीच घेतात. आंब्याची वाट पाहण्याची सवय असलेल्या आपल्या माणसांना या दुकानाचे हंगामी वेळापत्रक वेगळे समजावून सांगावे लागत नाही. हंगामाच्या ऐन भरात जावे, शक्यतो पहाटे जावे, आणि घेतलेला डोनट गाडी सुरू करण्यापूर्वी तेथेच काट्याने खाऊन संपवावा. फळाला पाणी सुटते आणि घरी पोहोचेपर्यंत खालची पोळी भिजून बसते.