अपग्रेडनंतर रुसलेली यूएसबी डिस्क: एनटीएफएस ठेवावी की ईएक्सटी४ करावी?

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर गेलात आणि इतकी वर्षं बिनबोभाट चालणारी बाहेरची डिस्क उघडेनाशी झाली, तर दोन वाटा असतात. डिस्क आहे तशी एनटीएफएसमध्ये (फाइल साठवण्याच्या विंडोजच्या पद्धतीत) ठेवून दर वेळी दुरुस्त करायची, नाहीतर डेटा बाजूला काढून ती ईएक्सटी४ (लिनक्सची पद्धत) करायची. तिसरी वाट एक्सफॅटची, म्हणजे दोन्हीकडे चालणाऱ्या पद्धतीची. मी तिन्ही वाटांनी जाऊन आलो आहे. माझ्या दोन टेराबाइटच्या डिस्कवर घरचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन आणि आत्याने जात्यावर बसून म्हटलेल्या ओव्यांची रेकॉर्डिंग आहेत. आत्या आता नाही, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी फक्त तांत्रिक नाही.

एनटीएफएसपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची डिस्क विकत घेतानाच त्यात असते. अपग्रेडनंतर डिस्क लावली आणि स्क्रीनवर आलं: 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक...' हे वाचून कोणालाही डिस्क गेली असंच वाटेल. मलाही तसंच वाटलं, आणि त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. डिस्क ठणठणीत होती. डीमेसग ही आज्ञा चालवून कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) नोंद पाहिली, तेव्हा खरं कारण एका ओळीत होतं: व्हॉल्यूम (डिस्कचा भाग) 'डर्टी', म्हणजे नीट बंद न झालेला, आहे आणि 'फोर्स' (तरीही उघड असं सांगणारा पर्याय) दिलेला नाही.

झालं असं होतं की आधी डिस्क एनटीएफएस-३जी या जुन्या ड्रायव्हरवर (डिस्क वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर) माउंट होत होती, म्हणजे सिस्टीमला जोडली जात होती. माउंटच्या यादीत तिच्यापुढे 'फ्यूजबीएलके' असं दिसायचं. अपग्रेडनंतर तिथे एनटीएफएस३ आला. पॅरागॉन कंपनीने दिलेला हा ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१५ पासून लिनक्समध्ये आहे. तो वेगाने चालतो, पण शिस्तीचा आहे. कॉपी चालू असताना कोणी विंडोजच्या मशीनमधून डिस्क 'इजेक्ट' न करता ओढली, तर तिच्यावर 'डर्टी'ची खूण राहते. जुना ड्रायव्हर ती खूण सांभाळून घ्यायचा, नवा माउंट करायलाच नकार देतो. म्हणजे बिघाड अपग्रेडने केला नाही, आधीचा बिघाड फक्त उघड झाला.

उपाय सोपा आहे, पण विंडोजच्या मशीनवरचा: चेकडिस्क हा तपासणीचा प्रोग्रॅम '/एफ' लावून चालवायचा. लिनक्सवर 'एनटीएफएसफिक्स -डी'ने खूण पुसता येते, पण ते चेकडिस्कइतकी खोल तपासणी करत नाही. एकमेव प्रत असेल तर मी त्यावर विसंबणार नाही. माझ्या घरी विंडोज नाही. दर वेळी डिस्क पिशवीत घालून शेजारच्या इमारतीतल्या मित्राकडे जायचं, तपासणी पूर्ण होईपर्यंत बसायचं आणि परत यायचं. तीन महिन्यांत हे चार वेळा झालं. इथेच माझा निर्णय झाला. वेग, सोय हे सगळं नंतरचं. माझी डिस्क दुरुस्त करायला मला दुसऱ्याच्या घरी जावं लागतं, हे मनाला पटेना.

एक्सफॅट त्या मानाने सुटसुटीत. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचं स्पेसिफिकेशन खुलं केलं, तेव्हापासून लिनक्समध्येही तो नीट बसला आहे. टीव्ही, मॅक, विंडोज, सगळीकडे चालतो. पण त्याच्यावर परवानग्या साठतच नाहीत. फाइलचा मालक कोण, हे माउंट करताना ठरतं. त्यामुळे अपग्रेडनंतर फाइल लिहिता येत नाही म्हणून कोणी सुडो (प्रशासकाचा अधिकार) लावून चोन (मालक बदलणारी आज्ञा) चालवत बसला, तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' हेच उत्तर मिळत राहतं. अशा वेळी डिस्क अनमाउंट करून 'यूआयडी' (वापरकर्त्याचा आकडा) देऊन पुन्हा माउंट करायची. त्याआधी माउंटच्या ओळीत 'आरओ' आहे की 'आरडब्ल्यू' ते बघा. 'आरओ' असेल तर डिस्क फक्त वाचण्यापुरती जोडली गेली आहे आणि परवानग्यांशी झगडून काही होणार नाही. एक्सफॅटला जर्नलही (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) नाही. आणि 'ओवी ३: माहेर' अशी नावं मी लॅपटॉपवर हौसेने दिली होती, त्यातल्या विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांमुळे आरसिंक या कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक फाइलवर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून हात वर केले.

आता ईएक्सटी४. त्यालाही त्रास आहेत, ते लपवत नाही. विंडोजमध्ये तो सरळ उघडत नाही. फॉरमॅट करताना पाच टक्के जागा रूटसाठी (प्रशासकाच्या खात्यासाठी) राखली जाते, दोन टेराबाइटवर ती साधारण शंभर जीबी होते. डेटाच्या डिस्कवर 'ट्यून२एफएस -एम ०' करून ती सोडवून घ्या. आणखी एक अडचण कमी लोकांना ठाऊक असते: २४.०४ वर फॉरमॅट केलेली डिस्क २२.०४ च्या मशीनवर माउंट होते, पण तिथलं एफएससीके (डिस्क तपासणारा प्रोग्रॅम) 'फीचर_सी१२' ही नवी सोय ओळखत नाही म्हणून तपासायला नकार देतं. घरात जुनं मशीन असेल तर फॉरमॅट तिथेच करा.

परवानग्यांचा घोळ मात्र खरा इथला. ईएक्सटी४ मालकाचं नाव ठेवत नाही, आकडा ठेवतो. नव्याने इन्स्टॉल करताना मी बायकोचं खातं आधी उघडलं, तिला १००० मिळाला आणि मला १००१. डिस्क लावली तर माझ्या सगळ्या फोल्डरवर कुलूप आणि तिला सगळं उघडं! 'सुडो चोन -आर' आणि पुढे डिस्कचा नेमका पत्ता, एवढ्यावर काम झालं. पत्ता दोनदा वाचूनच एंटर दाबा. त्यानंतर ते कुलूप पुन्हा दिसलेलं नाही. जागेवरच अपग्रेड केलं असेल तर आकडे बदलत नाहीत, मग हा प्रश्नही येत नाही.

डिस्क उघडते, पण एखाद्याच ॲपमध्ये 'परमिशन डिनाइड' येतं, तर फॉरमॅटला दोष देऊ नका. ते ॲप स्नॅपमधून (उबुंटूच्या बंदिस्त पॅकेजमधून) आलं असेल, तर त्याला 'रिमूव्हेबल-मीडिया'ची जोडणी वेगळी द्यावी लागते. आणि डीमेसगमध्ये 'आय/ओ एरर' किंवा यूएसबी पुन्हा पुन्हा रिसेट झाल्याच्या ओळी असतील, तर आधी केबल आणि पोर्ट बदला. तरीही त्या येत राहिल्या, तर दुरुस्तीच्या आधी जमेल तेवढा डेटा उतरवून घ्या.

घरात विंडोज असेल आणि डिस्क दोन्हीकडे फिरत असेल, तर एनटीएफएस ठेवायला माझी हरकत नाही. 'इजेक्ट'ची सवय लावा आणि ड्युअल बूट (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. माझी मोठी डिस्क आता ईएक्सटी४ आहे आणि ती कपाटाबाहेर जात नाही. झेरॉक्सच्या दुकानात नेण्यासाठी ६४ जीबीचा एक्सफॅट पेनड्राइव्ह वेगळा आहे. बदल करायचा ठरवलात, तर जुनी डिस्क पुसण्याआधी डेटा दुसरीकडे उतरवा आणि त्यातल्या चार-दोन फाइल खरंच उघडून बघा. मी आत्याची पहिली ओवी पूर्ण ऐकली आणि मगच फॉरमॅटचं बटण दाबलं.