६२५ की ७१८ : स्टेमसाठी मी कोणता बार उचलतो

इन्कोनेल ६२५ आणि ७१८ या निकेलच्या मिश्रधातूंचे बार रॅकवर शेजारी ठेवले, तर वीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसालाही कुठला कोणता ते सांगता येत नाही. रंग तोच, वजन जवळपास तेच, चुंबक दोघांनाही लागत नाही. त्यामुळे ड्रॉइंगवर ‘दोन्हीपैकी काहीही चालेल’ असं लिहिलेलं असलं, की आपण दर विचारतो आणि हाताला सोपं वाटेल ते उचलतो. भोसरीतल्या आमच्या गाळ्यात मीही तेच केलं होतं.

काम व्हॉल्व्हच्या स्टेमचं, म्हणजे व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या दांड्याचं होतं. व्यास २५, लांबी ३०० मिलिमीटर, वाफ ५०० अंशांच्या आसपास. गळती रोखणारं पॅकिंग जिथे बसतं तेवढ्या भागात ०.४ आरए फिनिश, म्हणजे पृष्ठभाग अगदी गुळगुळीत. या तापमानाला दोन्ही धातू आरामात टिकतात. एजिंग झालेल्या (भट्टीत तासन्तास ठेवून कडक केलेल्या) ७१८ चा यील्ड, म्हणजे कायमचा वाकण्याआधी झेपणारा ताण, १,००० मेगापास्कलच्या पुढे जातो आणि अॅनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) ६२५ चा ४०० च्या थोडा वर असतो, हे खरं. पण आमच्या स्टेमवर येणारा भार बेताचाच होता, त्यामुळे ताकदीवरून निर्णय होणार नव्हता. मी ६२५ घेतलं. हिशोब सरळ वाटला : मऊ आहे, भट्टीची भानगड नाही, बार आला की लेथवर चढवायचा.

मऊ आहे हे खरंच, पण चिवट किती आहे ते पहिल्या पाळीतच कळलं. ६२५ ची चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची साल, तुटत नाही. इन्सर्टवरून (टूलला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यावरून) निघते ती लांबच लांब, स्प्रिंगसारखी, आणि बघता बघता चकभोवती सुगरणीच्या खोप्यासारखा गुंता होतो. फीड (टूल पुढे सरकण्याचा वेग) वाढवून पाहिला, चिपब्रेकर बदलून पाहिला. रफिंगला, म्हणजे सुरुवातीच्या जाड कटांना, थोडा फरक पडला, पण फिनिशिंगचा कट पातळ, तिथे कसलीच मात्रा चालेना. दर पासला मशीन थांबवायचं, आकड्याने गुंता ओढून काढायचा, पुन्हा चालू करायचं. त्यातही एक तार हळूच टूल आणि जॉबच्या मध्ये सापडली की तयार होत आलेल्या स्टेमवर केसाएवढा ओरखडा. डोळ्याला दिसणार नाही, पण नख फिरवलं की अडकतं. पॅकिंगच्या जागी असा ओरखडा म्हणजे गळती. पहिल्या लॉटचे चार स्टेम त्यात गेले. त्या धातूचा किलोचा दर माहीत असलेल्याला चार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

मला खरा खुपला तो मात्र माणसाचा वेळ. आमच्याकडे रात्रपाळीला एकच ऑपरेटर दोन मशीन बघतो. ६२५ लावलं की तो एकाच मशीनला जखडून राहायचा. एका सकाळी हातमोजा काढून त्याने तळहातावरची चीर दाखवली आणि म्हणाला, ‘‘साहेब, हे मऊ नको. कडक असलं तरी चालेल, पण तुटणारं द्या.’’

मग ७१८ कडे वळलो, तर पहिल्या झटक्यात तिथेही शहाणपण केलं नाही. अॅनील केलेला बार घेतला, फिनिश मापाला आणला आणि एजिंगला बाहेर दिला. ७१८ एजिंगमध्ये किंचित आकसतं, साधारण ०.०७ टक्के. व्यासाला ते पावणेदोन शतांश, म्हणजे तेवढ्यानेही टॉलरन्स जातो, आणि ३०० च्या लांबीत स्टेम दोन दशांशाने आखूड. वर भट्टीवाल्याचं वेळापत्रक. ७२० अंशांना आठ तास, मग तासाला ५५ अंशांनी उतरवत ६२०, तिथे आणखी आठ तास. एवढ्यासाठी तो एकट्या आपल्या मालावर भट्टी कशी लावणार? इतरांचा माल जमेपर्यंत थांबायचं. त्यात आपल्याकडे गुरुवार सुट्टीचा, म्हणजे बुधवारी दिलेला माल हातात पडायला पुढचा आठवडा उजाडायचा.

आता मी एजिंग झालेलाच बार मागवतो. कडकपणा ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाने) आसपास, ऐकूनच छातीत धस्स होतं. पण मशीनवर लावल्यावर वागणूक सरळ. चिप आखडून तुटते आणि ट्रेमध्ये पडते. फिनिश स्वच्छ येतो. आकसण्याचा प्रश्नच उरत नाही. इन्सर्ट खातो, नाही असं नाही. जिथपर्यंत कटची खोली असते त्या रेषेवर धारेला खाच पडते. पण ती ठरलेल्या जॉबनंतर पडते. आम्ही गोल इन्सर्टने रफिंग करतो, दर पासला खोली थोडी बदलतो आणि खाच दिसायच्या आधीच धार फिरवतो. टूल नुसतं घासत उभं राहू द्यायचं नाही, एवढं पथ्य दोन्ही धातूंना लागू. पृष्ठभाग कडक झाला की पुढचा पास भोगायला लागतो. इन्सर्टचा खर्च वाढला, पण ऑपरेटर पुन्हा दोन मशीन बघायला लागला. माझ्या वहीत तरी हा सौदा फायद्याचा दिसतो.

ज्यांच्या मशीनला हाय प्रेशर कुलंट आहे त्यांनी माझी ६२५ ची तक्रार निम्मीच धरावी. ७० बार दाबाचा फवारा चिप तोडून देतो म्हणतात, आमच्या जुन्या लेथला ते सुख नाही. वेल्डिंगचं काम असेल, किंवा साध्या स्टीलवर गंजरोधक थर चढवायचा असेल, तर ६२५ ला पर्याय शोधायच्या फंदात मी पडणार नाही. समुद्राच्या पाण्यातही तेच. तापमान ६५० च्या वर कायम राहणार असेल तर ७१८ ची ताकद ज्या कणांमुळे येते तेच बिघडायला लागतात, तिथे तो विषय संपला.

७१८ घेताना मात्र नुसतं ‘७१८ एज्ड’ सांगून फोन ठेवू नका. विमानाच्या कामाचं एजिंग वेगळं आणि तेलविहिरीच्या कामाचं वेगळं. हायड्रोजन सल्फाइड असलेल्या ठिकाणी कडकपणा ४० एचआरसीच्या वर चालत नाही, आणि विमानवाल्या ग्रेडचा बार सहज त्यापुढे जातो. आमच्या एका स्नेह्यांना स्टॉकिस्टने हाच बार दिला, टीसी (चाचणीचा दाखला) अगदी व्यवस्थित, आणि अख्खा लॉट ग्राहकाच्या दारातून परत आला. रसायन तपासणारी गन ६२५ आणि ७१८ लगेच वेगळे करते, कारण ७१८ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास लोखंड आणि ६२५ मध्ये जास्तीत जास्त पाच. पण एजिंग झालंय की नाही, झालं तर कुठलं, हे गनला कळत नाही. त्यासाठी बारच्या टोकाला कडकपणा मोजूनच माल उतरवून घ्यावा.

आमच्या रॅकवर सध्या ७१८ च्या टोकांना पिवळा रंग आहे आणि ६२५ च्या टोकांना निळा. निळे दोनच उरलेत, तेही वेल्डिंगवाल्या शेजाऱ्याने मागून ठेवलेत.