आजोबांच्या आठवणी की जुने पेपर?

भाचीला एमएच्या प्रकल्पासाठी संयुक्त महाराष्ट्र चळवळीवर लिहायचंय. मुलाखती घेऊ की ग्रंथालयात बसून जुने पेपर चाळू, यावर गाडी अडलीय.

खर्च दोन्हीकडे बेताचाच. वेळ मुलाखतीला जास्त; तासाभराचं बोलणं कागदावर उतरवायला अख्खी दुपार जाते.

खरी गोम विश्वासार्हतेत. एखादे आजोबा ठामपणे सांगतील, "फ्लोरा फाउंटनच्या गोळीबाराची बातमी मी 'मराठा'त वाचली." गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५चा, आणि अत्र्यांचा 'मराठा' निघाला १५ नोव्हेंबर १९५६ला! तारखांच्या बाबतीत पेपरच बरा. पण तोही धुतल्या तांदळासारखा नाही. 'मराठा' तर चळवळीची बाजू मांडायलाच निघालेला. समोरच्या बाजूचा एखादा पेपर शेजारी ठेवूनच वाच.

शिवाय संचारबंदीत चाळीत दूध कसं आलं, मोर्चाला गेलेल्या बाईची पोरं कोणी सांभाळली, हे पेपरात क्वचितच सापडतं.

घटनाक्रम, निवडणुका, संयुक्त महाराष्ट्र समितीतली फाटाफूट लिहायची असेल तर पेपर घे. घरातली, बायकांची चळवळ लिहायची तर मुलाखती. आणि दोन्ही करणार असशील तर आधी मुलाखती उरक: १९५६ला पंधरा वर्षांचे असलेले आज ऐंशी ओलांडून गेलेत.