आलेखावरचे दोन बिंदू की लघुतम वर्ग : ड्रायरच्या मॉडेलसाठी काय निवडावे?

ड्रायरच्या वाफेचा व्हॉल्व्ह एकदम थोडा जास्त उघडायचा, गरम हवेचे तापमान नोंदवत राहायचे आणि त्या नोंदींवरून गेन (व्हॉल्व्ह जेवढा उघडला त्याच्या मानाने तापमान शेवटी किती बदलते), टाइम कॉन्स्टंट (बदल सुरू झाल्यापासून त्याचा ६३.२ टक्के भाग पुरा होईपर्यंतचा वेळ) व डेड टाइम (व्हॉल्व्ह हलल्यापासून तापमान हलू लागेपर्यंतचा वेळ) हे ड्रायरच्या मॉडेलचे तीन आकडे काढायचे, एवढेच हे काम. अकोला-वाशीम पट्ट्यातील डाळ मिलमध्ये ते करणाऱ्यापुढे साधारणतः दोन मार्ग असतात : आलेखावर दोन बिंदू वाचणे, किंवा एक्सेलच्या सॉल्व्हर या आकडे शोधून देणाऱ्या साधनाकडून लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे मॉडेल आणि नोंदी यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी ठेवून, संपूर्ण वक्र जुळवून घेणे. मी दोन्ही वापरले असून हल्ली बहुधा दुसऱ्याकडे वळतो.

पहिल्या पद्धतीला कमी लेखण्याचे कारण नाही. झिगलर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या लेखातील, वक्राच्या सर्वांत चढत्या जागी स्पर्शिका ओढून आकडे काढण्याची रीत ओढणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. एकाच कागदावर दोघांनी स्पर्शिका ओढली, तर डेड टाइम दोन निघतात. त्यापेक्षा एकूण बदलाच्या २८.३ आणि ६३.२ टक्क्यांना पोहोचण्याच्या वेळा वाचणे बरे. त्यांच्यातील फरकाची दीडपट म्हणजे टाइम कॉन्स्टंट, आणि तो ६३.२ टक्क्यांच्या वेळेतून वजा केला की उरतो तो डेड टाइम. वीज गेलेली असली तरी पॅनेलजवळ उभ्याउभ्या वहीत हे उरकते.

अडते ते एकूण बदल ठरवताना. त्यासाठी तापमान शेवटी स्थिरावलेले दिसावे लागते आणि आपल्याकडे ते सहसा स्थिरावत नाही. बॉयलर पऱ्हाटीवर (कापसाच्या वाळलेल्या झाडांवर) चालतो. एखादी ओलसर मोळी आत गेली की वाफेचा दाब उतरतो आणि वर चढत आलेली रेषा मध्येच वाकते. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सुरू केलेली चाचणी दुपारपर्यंत लांबली, तर बाहेरची हवाच इतकी तापते की गरम हवेच्या तापमानातील किती वाढ व्हॉल्व्हमुळे झाली आणि किती उन्हामुळे, हे आलेख पाहून सांगता येत नाही. त्यातच तुरीची पुढची घाणी तयार असते आणि मालकांचा निरोप येतो, ‘‘पुरे झालं जी आता, माल काढू द्या.’’ डेड टाइम सरल्यानंतर टाइम कॉन्स्टंटच्या तिप्पट वेळाने प्रतिसाद ९५ टक्क्यांपर्यंतच पोहोचलेला असतो. तिथे थांबून त्यालाच शेवट मानले, तर वरील सूत्राने टाइम कॉन्स्टंट सुमारे ९ टक्के कमी येतो. ९० टक्क्यांवर थांबल्यास ही तूट १८ टक्क्यांच्या आसपास जाते. मला या पद्धतीपासून दूर नेले ते याच त्रासाने.

सॉल्व्हरला शेवट दिसण्याची गरज नसते, कारण गेन हाही तो इतर आकड्यांबरोबर शोधतो. ऑपरेटरने मध्येच व्हॉल्व्ह थोडा हलवला तरी चाचणी वाया जात नाही. व्हॉल्व्हच्या प्रत्यक्ष स्थितीचा रकाना मॉडेलला द्यावा. दाबाची नोंद असेल, तर तीही दुसरा इनपुट म्हणून घेता येते. अर्थात चाचणी फारच लवकर तोडली, तर मोठा गेन-मोठा टाइम कॉन्स्टंट आणि लहान गेन-लहान टाइम कॉन्स्टंट या जोड्या जवळपास सारख्याच जुळतात, आणि तिथे सॉल्व्हरचाही इलाज चालत नाही.

सॉल्व्हरच्याही खोडी आहेत. मॉडेलची पुढची किंमत मॉडेलच्याच मागच्या किमतीवरून काढावी. मोजलेल्या तापमानावरून काढल्यास सेन्सरच्या थरथरीमुळे टाइम कॉन्स्टंट खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, आणि जुळलेला वक्र मात्र फसवा देखणा दिसतो. दुसरी खोड डेड टाइमची. तो व्हॉल्व्हचा रकाना पूर्ण ओळींनी खाली सरकवून घातला असेल, तर सॉल्व्हरने केलेल्या सूक्ष्म बदलाने बेरजेत काहीच फरक पडत नाही आणि आपण सुरुवातीला टाकलेला आकडाच उत्तर म्हणून परत येतो. म्हणून डेड टाइम मी हाताने एकेका नोंदीने वाढवत जातो, प्रत्येक वेळी उरलेले दोन आकडे सॉल्व्हरकडून काढून घेतो आणि वर्गांची बेरीज जिथे सर्वांत कमी येते तो डेड टाइम ठेवतो. सुरुवातीचे आकडे घेण्यासाठी मात्र दोन बिंदूंची वही अजूनही उपयोगी पडते, आणि ज्यांच्याकडे वाफेचा दाब खरोखरच स्थिर राहतो, त्यांनी लॅपटॉप उघडावाच असा माझा आग्रह नाही.