ओआयडी तपासायला ओपनएसएसएल की बाउन्सी कॅसल? दोन्हीवर काम केलेल्याचा अनुभव

परवा कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका दोस्ताचा फोन आला. फाउंड्रीचे टेस्ट रिपोर्ट डिजिटल सही करून गिऱ्हाइकाला पाठवायचेत, सही करणाऱ्याचा डीएससी (डिजिटल सहीचं सर्टिफिकेट) क्लास ३ चा, म्हणजे वरच्या दर्जाचा आहे का ते प्रोग्रामनं तपासायचंय, तर सी मध्ये ओपनएसएसएल धरू का जावात बाउन्सी कॅसल? दोन्ही म्हणजे सह्या-सर्टिफिकेटं हाताळणाऱ्या तयार लायब्ररी. मी हेच काम दोन्हीवर केलंय, आधी तीनेक वर्षं सी मध्ये आणि आता जावात, म्हणून फोनवर अर्धवट सांगितलेलं इथं नीट टाकतो. स्पीड, लायसन्स, कोणते अल्गोरिदम आहेत हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात शिरत नाही. ओआयडी, म्हणजे सर्टिफिकेटातल्या एकेका गोष्टीची ओळख सांगणारा टिंबं देऊन लिहिलेला नंबर, हातात दिला की कोण कसं वागतं एवढंच बघू.

ओआयडी म्हणजे शेवटी पत्ता. आमची राजारामपुरी कशी गल्लीच्या नंबरावर चालते, पाचवी गल्ली म्हटलं की रिक्षावाला पुढं काही विचारत नाही, तसंच हे. क्लास ३ ची पॉलिसी, म्हणजे सर्टिफिकेट कुठल्या नियमांनी दिलंय ते सांगणारी त्यातली नोंद, तिचा पत्ता २.१६.३५६.१००.२.३. यातला ३५६ हा भारताचा देश-क्रमांक, त्याखालचं १०० म्हणजे सीसीएचं, अशी सर्टिफिकेटं देणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाचं घर, आणि आत २.३ ला क्लास ३, शेजारी २.२ ला क्लास २. फाइल उघडून बघितली तर हाच पत्ता हेक्समध्ये ०६ ०६ ६० ८२ ६४ ६४ ०२ ०३ असा दिसतो. पहिला ०६ सांगतो की हा ओआयडी आहे, दुसरा सांगतो पुढं सहा बाइट आहेत. पहिले दोन आकडे एकातच बसवतात, ४० गुणिले २ अधिक १६ म्हणजे ९६, हेक्समध्ये ६०. ३५६ सात बिटांत मावत नाही म्हणून त्याचे दोन तुकडे, ८२ आणि ६४, आणि त्यापुढचा ६४ म्हणजे आपलं १००. हे एकदा कागदावर करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता ओपनएसएसएल. ते या पत्त्यावर थेट काम करायला फारसं राजी नसतं, मध्ये स्वतःचा एक नंबर घालतं, एनआयडी. एसएचए-२५६, कॉमन नेम वगैरे जे ओआयडी त्याला आधीपासून माहीत आहेत त्यांचे एनआयडी ठरलेले असतात, ते बदलत नाहीत. सीसीएचे ओआयडी मात्र त्याच्या यादीत नाहीत, मग आपण ओबीजे_क्रिएट हे फंक्शन बोलावून ते घालायचे आणि ते रांगेत पुढचा नंबर देतं. गर्दीच्या मिसळ हॉटेलात नाव सांगून नंबर घेतो तसंच, आज तुम्ही १७, उद्याचा १७ दुसराच कोणीतरी. आणि ज्यानं नंबरच लावला नाही त्याला काय मिळतं? शून्य. सगळ्यांना शून्य, एनआयडी_अनडेफ.

माझं गाडं इथंच अडकलं. माझ्या कोडमध्ये एक साधी ओळ होती, सर्टिफिकेटातल्या पॉलिसीचा एनआयडी काढा, माझ्या २.१६.३५६.१००.२.३ चा एनआयडी काढा, दोन्ही सारखे असले की पास. दिवसभर चालणाऱ्या सर्व्हिसमध्ये सुरुवातीला ओबीजे_क्रिएट होतं, तिथं सगळं व्यवस्थित. नंतर रात्री आपोआप चालणारा वेगळा बॅच प्रोग्राम लिहिला, त्यात तपासणीचं फंक्शन तेवढं उचलून आणलं आणि सुरुवातीची ओबीजे_क्रिएटची ओळ राहिली. झालं, रात्री दोन्ही बाजू अनोळखी, दोन्हीचा एनआयडी शून्य, शून्य बरोबर शून्य, पास! एरर नाही, वॉर्निंग नाही, लॉगमध्ये हिरवं हिरवं. हे कळलं तेसुद्धा माझ्या हुशारीनं नाही. क्लास २ देणं जानेवारी २०२१ पासून बंद झालं, पण एका कारखान्यातल्या क्वालिटीच्या माणसाकडं त्याआधी घेतलेला क्लास २ चा टोकन (सही ठेवायची यूएसबी) होता, २०२२ मध्ये अजून मुदत होती. त्याचा फोन आला, "सर, तुमचं सॉफ्टवेअर दिवसा मला नको म्हणतंय आणि रात्री हो म्हणतंय, मी नक्की सही कधी करू?" मला आधी हसू आलं, आणि मग दोन मिनिटांनी पोटात गोळा आला, कारण किती तरी आठवडे रात्री कुठलीही अनोळखी पॉलिसी क्लास ३ म्हणून पुढं जात होती.

चूक माझीच, ते कबूल. दोन ओआयडी ताडून बघायला ओबीजे_सीएमपी आहे, ते सरळ बाइट बघतं, नंबराच्या भानगडीत पडत नाही. पण मला खटकतं ते हे की सोपी वाटणारी वाट एनआयडीची आहे, इंटरनेटवरची निम्मी उदाहरणं तीच दाखवतात, आणि "मला माहीत नाही" या उत्तराला त्यांनी असा आकडा दिलाय जो दुसऱ्या "मला माहीत नाही"शी बरोबर जुळतो. ओपनएसएसएलच्या स्वतःच्या घरातसुद्धा २०२२ मध्ये जवळपास याच आकड्यावरून गडबड झाली होती, स्वतः बनवलेला सायफर (डेटा कुलूपबंद करायची पद्धत) एनआयडी_अनडेफ देऊन वापरला की डेटा एन्क्रिप्ट न होता जसाच्या तसा बाहेर पडायचा, ३.०.६ मध्ये त्यांनी ते नीट केलं.

दुसरा फटका २०२३ चा. ओपनएसएसएल १.१.१ चा सपोर्ट सप्टेंबरमध्ये संपणार म्हणून ३.० वर गेलो, आणि मी डेटाबेसमध्ये एनआयडीच साठवलेले (हसू नका). नव्या आवृत्तीत लायब्ररीची स्वतःची यादी वाढलेली, माझे जुने नंबर तिच्यात गेले, आणि रिपोर्टच्या पॉलिसी कॉलममध्ये भलत्याच गोष्टींची नावं. त्या रविवारी रंकाळ्यावर जायचं ठरलं होतं, ते राहिलं.

बाउन्सी कॅसलमध्ये हा मधला नंबर नाहीच. एएसएन१ऑब्जेक्टआयडेंटिफायर बनवा, त्यात पत्ता स्ट्रिंगमध्ये द्या, गेटआयडी म्हटलं की तोच पत्ता परत. डेटाबेसमध्ये तोच टेक्स्ट म्हणून जातो, दहा वर्षांनी उघडला तरी तोच. अनोळखी ओआयडी हा काही वेगळा प्रकार नाही, तोही एक पत्ताच, आणि दोन वेगळे अनोळखी कधी सारखे निघत नाहीत. स्ट्रिंगच्या शेवटी चुकून स्पेस राहिली, एक्सेलमधून कॉपी केलं की राहतेच, तर जागच्या जागी एक्सेप्शन फेकतं, मला हे आवडतं. आणखी एक छोटी गोष्ट म्हणजे ऑन नावाची मेथड, हा ओआयडी अमक्या फांदीखाली येतो का ते विचारता येतं, सीसीएच्या १०० खालचं सगळं एका ओळीत ओळखता येतं. फक्त लक्षात ठेवा, ती फांदी स्वतः त्यात धरत नाही, तिच्या खालचंच धरतं.

सगळं गोड आहे असंही नाही. ओपनएसएसएल ओळखीच्या ओआयडीचं नाव आपणहून छापतं, इथं नावाचा मॅप स्वतः ठेवावा लागतो. ओळखीच्या ओआयडींचे तयार कॉन्स्टंट इतक्या इंटरफेसमध्ये विखुरलेत की एसएचए-२५६ एनआयएसटीच्या डब्यात आणि त्याच्यासोबतची आरएसए सही पीकेसीएसच्या डब्यात, मला वर्षभर तरी सर्च करूनच सापडायचं. जुन्या उदाहरणांत डीईआरऑब्जेक्टआयडेंटिफायर दिसेल, ते नाव मागं पडलंय. आणि जावातली नेहमीची चूक, दोन बरोबरच्या चिन्हांनी ताडू नका, इक्वल्स वापरा. पण ही चूक झाली तर सहसा खरा क्लास ३ वाला अडकतो आणि लगेच फोन करतो, खोटा आत येत नाही, माझ्या दृष्टीनं हा फरक लई मोठा.

गो भाषेत लिहिणाऱ्यांसाठी एकच, तिथं जुना ओआयडी म्हणजे इंटची स्लाइस, फार मोठा आकडा आला की पार्सच होत नाही. १.२२ पासून एक्स५०९ पॅकेजात वेगळा ओआयडी टाइप आलाय, नवीन काम असेल तर तोच घ्या. पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत डॉटेड_स्ट्रिंग, म्हणजे टिंबांचा पत्ता तसाच मिळतो, छोट्या स्क्रिप्टला मी तेच वापरतो, तक्रार नाही.

तुमचं सगळं आधीच सी मध्ये असेल, मशीन छोटं असेल, जावा चढवायला जागा नसेल, तर ओपनएसएसएल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, त्याची एएसएन१पार्स कमांड तर मी आजही रोज वापरतो, सर्टिफिकेटच्या पोटात काय आहे ते बघायला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. पण पॉलिसी तपासून हो-नाही ठरवायचं असेल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर मी तरी परत त्या नंबराच्या नादाला लागणार नाही.

दोस्त म्हणाला, माझ्याकडं जुना सी कोड आहे, तो टाकून देऊ काय? म्हटलं ठेव की, फक्त त्यात दोन एनआयडी एकमेकांशी ताडल्याच्या ओळी किती आहेत ते शोध. संध्याकाळी मेसेज आला, "अकरा."